भूमिहीनांचे कर्मवीर : दादासाहेब गायकवाड



आपल्या वस्तीत कुणालाही विचारा, तुमचे मूळ गाव कोणते? प्रत्येकजण छाती पुढे काढून गावाचे नाव सांगतो. पण गावात तुमची जमीन किती, असे विचारले की बहुतेकांची मान खाली जाते. जमीन असती तर आमचे बापजादे गिरणीच्या भोंग्यावर उठायला मुंबईत आलेच कशाला असते? हाच जमिनीचा प्रश्न ज्यांनी थेट संसदेपर्यंत नेला, ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड. आजच्या पोरांना त्यांचे नाव सरकारी योजनेमुळे ठाऊक आहे, माणूस ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या चळवळीत ओढले गेले. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहात ते होते. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा स्थानिक कामाचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर पडला. माणसे गोळा करायची, त्यांच्या भाकरीची सोय बघायची, दगड खायचे आणि तुरुंगातही जायचे. हा लढा एक-दोन दिवस नाही, काही वर्षे चालला. देवळाची दारे तेव्हा उघडली नाहीत, पण माणसे जागी झाली. पुढे 1935 साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तीसुद्धा नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला. बाबासाहेब आपल्या या विश्वासू सहकाऱ्याला वरचेवर पत्रे लिहीत. दादासाहेबांनी ती जपून ठेवली, म्हणून चळवळीचा मोठा इतिहास आज आपल्या हाती आहे.

1937 साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई कायदेमंडळात निवडून आले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर समाज पोरका झाला, त्या काळात 1957 साली नाशिकच्या जनतेने त्यांना लोकसभेत पाठवले. 1962 ते 1968 ते राज्यसभेत होते. दिल्लीला गेले तरी धोतर सुटले नाही आणि गावही सुटले नाही. पुष्कळ खासदार सभागृहात बोलतात आणि घरी जातात. दादासाहेब सभागृहात बोलत आणि मग लोकांबरोबर तुरुंगात जात!

1959 साली त्यांनी महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. सरकारी पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी. त्यानंतर एन. शिवराज यांच्या पश्चात ते रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष झाले आणि 6 डिसेंबर 1964 पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. लाखो स्त्री-पुरुषांनी स्वतःला अटक करून घेतली. आयाबाया कडेवरची पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. मागण्या नुसत्या जमिनीच्या नव्हत्या. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, शेतमजुराला किमान वेतन द्या, झोपडपट्टीत राहणाऱ्यांची सोय करा, बौद्धांना सवलती द्या, अशाही मागण्या होत्या. यातल्या तैलचित्राची आणि बौद्धांच्या केंद्रीय सवलतींची पूर्तता व्हायला 1990 साल उजाडले. आज आपल्या मुलाच्या हातात जो जातीचा दाखला आहे, त्यामागे त्या तुरुंगवासाचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

आता एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. पक्षात फूट पडली. शिकलेल्या काही मंडळींना जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांचा नाद वाटला. दादासाहेबांच्या धोतराचीही टिंगल झाली. पुढे 1967 साली त्यांनी काँग्रेसशी युती केली, त्याने अनेक निष्ठावंत नाराज झाले. आम्हालाही वाटते, ती वाट पक्षाला जड गेली. पण माणूस चुकला म्हणून त्याचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. आमच्यात गट किती पडले ते मोजायला बोटे पुरत नाहीत, आणि सातबारा मात्र अजून कोराच आहे.

1968 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेब गेले. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने 2004 साली काढली आणि तिला त्यांचे नाव दिले. नाव दिले, चांगले झाले. पण आपल्या गावी कोणते घर भूमिहीन आहे, त्याने अर्ज केला का, हे बघायला सरकार येणार नाही. ते आपल्यालाच बघावे लागेल.

म्हणून आम्ही विनंती करतो, यंदा गावी जाल तेव्हा देवाच्या जत्रेत वेळ न घालवता एक चक्कर तलाठ्याकडे मारा. आपल्या भाऊबंदांचे कागद बघा. गिरण्या गेल्या, आमच्या हातचे काम गेले. जमीन मात्र कुठे जात नाही. दादासाहेबांना तेच खरे अभिवादन होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!