जोडे शिवणारा होमर प्लेसी

महोत्सवाच्या अशा पुस्तकात संतांची चरित्रे असावयाची. आम्ही मात्र येथे एका साध्या प्रापंचिकाचे चरित्र देत आहो.

होमर प्लेसी हा अमेरिकेतील लुइझियाना संस्थानातल्या न्यू ऑर्लिअन्स शहरचा राहणारा. घराणे फ्रेंच बोलणारे, कॅथलिक व मिश्र रक्ताचे. धंदा जोडे शिवण्याचा. त्याच्या अंगी आठवा हिस्सा आफ्रिकन रक्त होते, असे खटल्याच्या कागदपत्रांत नमूद आहे. दिसण्यात तो गोराच. १८८८ साली सेंट ऑगस्टिनच्या देवळात त्याचा विवाह झाला. ह्या देवळात गोरे व काळे पूर्वीपासून एकत्र मिस्सा ऐकत. स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी पदरचे पैसे भरून गुलामांसाठीही तेथे बाके घेतली होती.

१८९० साली लुइझियानात कायदा झाला की, आगगाडीत गोऱ्यांनी व काळ्यांनी निरनिराळ्या डब्यांत बसावे. न ऐकणारास २५ डॉलर दंड किंवा २० दिवसांची कैद. ह्याविरुद्ध शहरातील गृहस्थांनी नागरिक समिती स्थापिली. त्यांचा पहिला खटला डॅनिएल देदून ह्याचा. परंतु त्याचे तिकीट परसंस्थानचे असल्यामुळे तो निष्फळ ठरला. म्हणून प्लेसीला लुइझियानातीलच कोव्हिंग्टन गावचे पहिल्या वर्गाचे तिकीट दिले गेले. जादा डबे जोडण्याचा खर्च रेल्वे कंपनीलाही नकोच होता, तेव्हा तिची आतून संमती होती. ता. ७ जून १८९२ रोजी प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला. विचारताच त्याने आपण कृष्णवर्णीय असल्याचे सांगितले व उठण्यास नकार दिला. समितीनेच नेमलेल्या गुप्त पोलिसाने त्यास अटक केली. गप्प बसता तर कोव्हिंग्टनला सुखाने पोहोचता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

न्यायाधीश फर्ग्युसन ह्यांनी कायदा उचलून धरला. ता. १८ मे १८९६ रोजी वरिष्ठ न्यायालयानेही सात विरुद्ध एक मताने तोच ठरविला. सोयी समान असल्या म्हणजे वेगळे बसविण्यात अन्याय नाही, असे त्यांचे म्हणणे. एकट्या न्यायमूर्ती हार्लन ह्यांनी भिन्न मत नोंदविले. ह्या निकालाच्या आधारे पुढे अर्धशतकाहून अधिक काळ शाळा, दवाखाने, पाण्याचे नळदेखील वेगळे राहिले.

आणि देवळे? १८९५ साली न्यू ऑर्लिअन्सच्या आर्चबिशपांनी कृष्णवर्णीयांसाठी निराळे देऊळ उघडले. हेतू वाईट नसेल. पण समितीच्या मंडळींनी त्यासही विरोध केला, आणि आमच्या मते तो रास्त होता. बाके, कुमुन्याचा कठडा व पापनिवेदनाची जागा ह्यांतला वर्णभेद तेथील आर्चबिशप रमेल ह्यांनी १९५३ साली बंद करविला. कॅथलिक शाळांतला मोडण्यास १९६२ साल उजाडले, तेव्हा अडून बसलेल्या तिघांस त्यांनी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले.

सरकारी शाळांतील भेदाविरुद्ध वरिष्ठ न्यायालयाचा निकाल १९५४ सालचा. प्लेसीने तो पाहिला नाही. १८९७ च्या जानेवारीत त्याने अपराध कबूल करून २५ डॉलर भरले, समिती विसर्जित झाली, उरलेला पैसा धर्मादायास गेला. पुढे तो मजुरी करी, विम्याचे हप्ते वसूल करी. १ मार्च १९२५ रोजी तो वारला.

५ जानेवारी २०२२ रोजी लुइझियानाच्या गव्हर्नरांनी त्यास मरणोत्तर माफी दिली. माफी कोणत्या अपराधाची, हे आम्हांस उमगत नाही. परंतु जेथे त्यास अटक झाली त्या जागेजवळच तो समारंभ झाला, आणि प्लेसीच्या व फर्ग्युसनच्या कुळांतील माणसे तेथे एकत्र उभी होती.