युद्धकथा न गाळणाऱ्या पंडिता

यवतमाळात एकेकाळी बायबल शिकवणारं मोठं कॉलेज होतं, माहितीये? युनियन बिब्लिकल सेमिनरी. १९५३ ला सुरू झालं, १९८३ ला पुण्याला गेलं. बायबल उघडलं की एक प्रश्न टाळता येत नाही. यहोशवाच्या पुस्तकात प्राचीन ज्यूंचं सैन्य यरीहो शहर घेतं आणि आतली माणसं, बायका-पोरांसकट, मारली जातात. तीही देवाच्या नावानं. हे वाचायचं कसं?

या कथा मूळ हिब्रूवरून मराठीत आणल्या पंडिता रमाबाईंनी. जन्म १८५८ चा. घरच्यांचं पोट गावोगाव पुराणं सांगण्यावर, म्हणजे देव-दैत्यांची युद्धं ऐकतच त्या वाढल्या. दुष्काळात आई-वडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ केलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी आसरा दिला, त्यातूनच केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं.

साध्या बायकांना कळेल असं बायबल हवं, म्हणून पन्नाशीकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर केडगावात, छपाईही तिथल्याच मुलींच्या हातची. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये आलं.

त्यात यरीहो आहेच. सगळं आहे, म्हणूनच ताडून बघता येतं. यहोशवाच्या पुस्तकात कनानी लोक संपले असं वाटतं. पुढच्याच ‘शास्ते’मध्ये ते शेजारी राहताना दिसतात! मग आधीचा तो हिशेब होता की विजयाची भाषा? १८६८ मध्ये सापडलेल्या शिलालेखात मवाबचा राजा मेशा इस्राएल कायमचा संपवल्याची फुशारकी मारतो. इस्राएल तर त्यानंतरही होता. त्या काळचे राजे असंच लिहायचे. १९५० च्या दशकात कॅथलीन केनियन यांनी यरीहो खणलं, तेव्हा यहोशवाच्या काळातली तटबंदी सापडली नाही.

म्हणून हिंसा माफ होत नाही. कथा जशीच्या तशी घडली नसेल, पण पुढे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना ‘कनानी’ ठरवून खरी माणसं मारली गेली.

तेव्हा युद्धकथा कुठल्याही धर्माची असो, पूर्ण वाचा. मागचं-पुढचं पान बघा. कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं ते विचारा. रमाबाईंनी एकही पान गाळलं नाही. आपणही वाचताना गाळू नये.