छंदातून उद्योग : लक्ष्मणराव किर्लोस्कर



तुमच्या गावात एखाद्या विहिरीवर बसवलेला पाण्याचा पंप तुम्ही पाहिला असेल. त्यावर ‘किर्लोस्कर’ हे नाव कधी वाचले आहे का? आपल्या बीड जिल्ह्यात पावसाचा भरवसा नसतो. त्यामुळे विहीर, इंजिन आणि पंप हे शब्द शेतकऱ्याच्या घरात रोज कानावर पडतात. पण किर्लोस्कर हे नाव आधी पंपाचे नव्हते. ते एका माणसाचे होते आणि त्याला लहानपणी शाळेपेक्षा चित्रे आणि यंत्रे जास्त आवडत होती.

उर्दूत आपण ‘शौक’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘छंद’ म्हणतात. ‘हुनर’ हा शब्द मराठीत ‘हुन्नर’ होऊन आला. छंदाचे हुन्नर कसे होते आणि हुन्नरातून चार घरांची भाकर कशी उभी राहते, हे या चरित्रात तुम्हाला दिसेल.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने नीट शिकावे, असे त्यांना वाटे. पण लक्ष्मणरावांचे मन पुस्तकात रमत नसे. चित्र काढायला बसले की मात्र ते तहानभूक विसरत. चित्रे काढून पोट कसे भरणार, हा प्रश्न त्या काळातील कोणत्याही वडिलांना पडला असता. तुमच्या घरीही तो कधी निघाला असेल. थोरले भाऊ रामूअण्णा यांनी मात्र धाकट्या भावाची आवड ओळखली. त्यांच्या आधारामुळे लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे सुमारे दोन वर्षे गेली आणि एक अवघड गोष्ट उघडकीस आली. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. चित्रकाराला रंग ओळखता आले नाहीत, तर त्याने काय करावे? ज्या छंदासाठी घर सोडले, त्याचीच वाट बंद झाली. मित्रांनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

लक्ष्मणराव घरी परतले नाहीत. रंग गेले तरी रेषा हातात आहेत, हे त्यांनी जाणले. यंत्रांची चित्रे काढायला रंग लागत नाहीत. तेथे माप अचूक लागते आणि रेषा स्वच्छ लागते. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांना हाच विषय शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार होता महिना 45 रुपये. शिकवण्याचे काम संपले की ते तेथील कारखान्यात जात. यंत्र कसे चालते, कोणता भाग कशासाठी असतो, बिघडले तर कसे दुरुस्त करायचे, हे सारे ते पाहून, विचारून आणि इंग्रजी पुस्तके वाचून शिकले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. कारखाना हीच त्यांची शाळा झाली.

त्या काळी सायकल ही आपल्याकडे नवलाची वस्तू होती. रस्त्याने सायकल गेली की लोक थांबून पाहत. लक्ष्मणरावांना या दोन चाकी यंत्राची गोडी लागली. त्यांनी आणि रामूअण्णांनी ठरवले, की आपल्याला जे आवडते त्याचाच धंदा करून पाहावा. 1888 साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकत. सायकल घेणाऱ्याला ती चालवता येत नसे, म्हणून ते 15 रुपये घेऊन सायकल चालवायलाही शिकवत. यातली युक्ती लक्षात घ्या. ज्याला सायकल चालवता येत नाही, तो ती विकत कशाला घेईल? गिऱ्हाईक तयार करणे हेही दुकानदाराचेच काम आहे, हे या भावांना समजले होते.

पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा ती जागा लक्ष्मणरावांना मिळाली नाही. त्यांना वाईट वाटले. पण रागावून बसण्याऐवजी त्यांनी राजीनामा दिला, बेळगाव गाठले आणि पूर्ण वेळ स्वतःच्या कामाला लागले.

दुकान चालत होते, पण केवळ दुसऱ्याने बनवलेला माल विकण्यात लक्ष्मणरावांचे मन रमेना. त्यांना स्वतः काहीतरी घडवायचे होते. आपल्या देशात सर्वांत जास्त लोक कोण, तर शेतकरी. मग त्यांच्या उपयोगाचेच यंत्र का करू नये? त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला, तर जनावर पाने खाते आणि जाड ताटे तुडवून वाया घालवते. बारीक कुट्टी केली, तर तोच कडबा जास्त दिवस पुरतो. दुष्काळी भागात याची किंमत किती मोठी आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. आपल्याकडे लाकडी नांगर होता. भारी काळ्या जमिनीत तो खोल जात नसे. हरळी आणि कुंदा यांची मुळे तशीच राहत. लोखंडी नांगर जमीन खोल उलटवतो आणि तण मुळापासून वर काढतो. 1903 च्या सुमारास किर्लोस्करांचा नांगर तयार झाला. पण तो विकला जाईना! लोखंडाने जमिनीत विष पसरेल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. सुमारे दोन वर्षे नांगर पडून राहिले. शेतकरी अडाणी आहेत, असे म्हणून लक्ष्मणरावांनी हात झटकले नाहीत. ज्याचे सारे घर एका पिकावर चालते, तो नवी वस्तू घ्यायला घाबरणारच. म्हणून त्यांनी धीर धरला आणि नांगरातील उणिवा काढत राहिले. हळूहळू शेतकऱ्यांनी नांगराचे काम डोळ्यांनी पाहिले आणि मागणी सुरू झाली.

इतक्यात दुसरे संकट आले. बेळगाव नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवणे भाग पडले. जवळ पैसा नव्हता आणि जागाही नव्हती. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान होते आणि त्यात सापांचा वावर होता. 1910 साली लक्ष्मणराव, त्यांच्या पत्नी राधाबाई आणि मोजकी कामगार कुटुंबे तेथे राहायला आली. त्यांनी रान साफ केले, घरे बांधली आणि भट्टी पेटवली. त्या माळाचे ‘किर्लोस्करवाडी’ झाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. त्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी शिवाशिव पाळू दिली नाही. माणसाची जात न पाहता त्याचे काम पाहावे, असा त्यांचा शिरस्ता होता.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून लोखंड येणे कठीण झाले. तेव्हा कोल्हापूर संस्थानातील जुन्या, निकामी तोफा वितळवून त्यांचे नांगर करण्यात आले. लढाईसाठी ओतलेले लोखंड शेतीच्या कामाला आले!

1920 साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही लिमिटेड कंपनी झाली. पुढे नांगरांबरोबर पंप आणि इंजिनेही तयार होऊ लागली. त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी हा उद्योग आणखी वाढवला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त 1969 साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला मेंदी काढण्याचा छंद असेल, कोणाला शिवणकामाचा, तर कोणाला बिघडलेला रेडिओ उघडून पाहण्याचा. छंद चांगलाच आहे. पण नुसता छंद म्हणजे धंदा नव्हे. लक्ष्मणरावांनी आपली आवड आधी कष्टाने हुन्नरापर्यंत नेली. मग हे हुन्नर कोणाची अडचण दूर करील, याचा शोध घेतला. गिऱ्हाईक मिळेपर्यंत धीर धरला आणि मिळाल्यावर माल चांगला दिला. नफा त्यानंतर आला.

आज घरी गेल्यावर वहीत दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत तुम्हाला काय आवडते ते लिहा. दुसऱ्या ओळीत तुमच्या गल्लीतील लोकांना कशाची गरज आहे ते लिहा. या दोन ओळी जेथे जुळतील, तेथे तुमचे काम तुमची वाट पाहत असेल.