हजरत अस्मा : वेढ्यातल्या मक्केतील आई

रमजानात उमऱ्याला जाणारे यात्रेकरू सफा टेकडीपासून सई सुरू करतात. सफाला लागूनच अबू कुबैसचा डोंगर आहे. इ.स. 692 मध्ये याच डोंगरावरून काबागृहाच्या आवारात यंत्रांनी दगड फेकले जात होते. फेकणारेही मुसलमान, सोसणारेही मुसलमान. शहरात तेव्हा शंभरीला टेकलेल्या, दृष्टी गेलेल्या हजरत अस्मा होत्या.

पहिले खलिफा हजरत अबू बकर यांची ही थोरली लेक. वडील पैगंबरांसोबत हिजरतीला निघाले, तेव्हा शिदोरी बांधायला काही मिळेना. अस्मांनी आपला कमरपट्टा फाडून दोन केले. पुढे त्याच नावाने त्या ओळखल्या गेल्या. वडिलांनी घरातली रक्कम सोबत नेली होती. आंधळ्या आजोबांना घोर लागू नये म्हणून त्यांनी कोनाड्यात खडे ठेवले, वर कापड टाकले आणि आजोबांचा हात त्यावर टेकवला. मदिनेत पती हजरत जुबैर यांच्या घोड्याची निगा त्याच राखत. खजुराच्या बियांचे ओझे दूरच्या शेतातून डोक्यावर आणत. त्यांची आई मूर्तिपूजकच राहिली होती. ती भेटायला आली, तेव्हा अस्मांनी पैगंबरांना विचारले. आईशी नाते जपावे, असे उत्तर मिळाले. हा प्रसंग आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो.

त्यांचे पुत्र अब्दुल्ला यांनी मक्केतून सुमारे नऊ वर्षे खिलाफत चालवली. दमास्कसचा खलिफा अब्दुल मलिक याच्या लेखी मात्र ते बंडखोर. त्याचा सेनापती हज्जाज याने सहा महिन्यांहून अधिक काळ मक्केला वेढा घातला. धान्य संपले. अभयाच्या आशेने हजारो लोक हज्जाजला जाऊन मिळाले. त्यांत अब्दुल्लांचे दोन मुलगेही होते.

अब्दुल्ला आईकडे सल्ल्याला आले. आपण सत्यावर आहोत अशी खात्री असेल तर मागे फिरू नकोस, नुसत्या सत्तेसाठी लढत असशील तर स्वतःसह सोबत्यांचाही घात केलास, असे त्यांनी सुनावले. मेल्यावर देहाची विटंबना होईल, ही मुलाची भीती. कापलेल्या बकरीला कातडे सोलल्याचे दुखत नाही, असे आईने समजावले. निरोपाची मिठी मारताना हाताला चिलखत लागले. तेही त्यांनी उतरवायला लावले.

अब्दुल्ला लढताना पडले. हज्जाजने त्यांचे शव टांगून ठेवले आणि अस्मांना बोलावणे धाडले. त्या गेल्या नाहीत. अखेर तोच त्यांच्या दारी आला. तू माझ्या मुलाची दुनिया बिघडवलीस, त्याने तुझी आखिरत बिघडवली, हे त्यांनी त्याला तोंडावर ऐकवले. मुलामागे त्या थोडेच दिवस जगल्या.