आयडा बी. वेल्स

आयडा बेल वेल्स-बार्नेट (१६ जुलै, १८६२ - २५ मार्च, १९३१) या अमेरिकन पत्रकार, संपादक व नागरी हक्कांच्या पुरस्कर्त्या होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या होणाऱ्या झुंडहत्यांविरुद्ध त्यांनी सुमारे चार दशके लेखन व संघटन केले. कायदा संरक्षण देत नसेल तेथे कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वसंरक्षणासाठी घरात रायफल बाळगावी, असे त्यांनी १८९२ मध्ये जाहीरपणे लिहिले. ही भूमिका त्यांच्या चरित्रातील विशेष चर्चिला गेलेला भाग आहे.

प्रारंभिक जीवन

आयडा यांचा जन्म मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज या गावी गुलामगिरीत असलेल्या कुटुंबात झाला. वडील जेम्स हे सुतारकाम करीत. आईचे नाव एलिझाबेथ होते. यादवी युद्धानंतर कुटुंब मुक्त झाले व आयडा यांना शालेय शिक्षण मिळाले. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आईवडील व एक तान्हा भाऊ दगावले. त्या वेळी सोळा वर्षांच्या असलेल्या आयडा यांनी शिक्षिकेची नोकरी धरून धाकट्या भावंडांचा सांभाळ केला. पुढे त्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात आल्या.

१८८४ मध्ये रेल्वेच्या महिलांसाठीच्या डब्यातून त्यांना बळजबरीने उतरवण्यात आले. त्यांनी रेल्वे कंपनीवर दावा लावला व ५०० डॉलरची भरपाई मिळवली. परंतु १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. याच सुमारास त्या आयोला या टोपणनावाने लिहू लागल्या. १८८९ मध्ये त्या मेम्फिसमधील फ्री स्पीच या वृत्तपत्राच्या सहमालक व संपादक झाल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवर टीका केल्यामुळे १८९१ मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली.

मेम्फिसमधील झुंडहत्या

टॉमस मॉस, कॅल्व्हिन मॅकडॉवेल व विल स्ट्युअर्ट हे पीपल्स ग्रोसरी या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या किराणा दुकानाशी संबंधित होते. मॉस हे आयडा यांचे स्नेही असून त्यांच्या मुलीच्या आयडा धर्ममाता होत्या. शेजारच्या श्वेतवर्णीय दुकानदाराशी व्यापारी स्पर्धेतून तेढ वाढत गेली. दुकानावर हल्ला होणार या भीतीने रक्षणासाठी सशस्त्र माणसे ठेवण्यात आली. ५ मार्च, १८९२ च्या रात्री साध्या वेशातील शेरीफचे शिपाई दुकानात शिरले. त्यांना हल्लेखोर समजून आतून गोळीबार झाला व तीन जण जखमी झाले. त्यानंतर अनेक कृष्णवर्णीयांना अटक झाली. टेनेसी रायफल्स या कृष्णवर्णीयांच्या स्वयंसेवी पथकाने काही रात्री तुरुंगाभोवती पहारा दिला. तो पहारा उठल्यानंतर, ९ मार्चच्या पहाटे जमावाने या तिघांना तुरुंगातून नेऊन गोळ्या घातल्या. या घटनाक्रमात पथकाची शस्त्रे काढून घेण्यात आली, तसेच शहरातील कृष्णवर्णीयांना होणारी शस्त्रविक्रीही रोखण्यात आली.

आयडा तेव्हा परगावी होत्या. परतल्यावर त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून कृष्णवर्णीयांना मेम्फिस सोडण्याचे आवाहन केले. हजारो लोकांनी शहर सोडले. मागे राहिलेल्या अनेकांनी ट्रामवर बहिष्कार घातला.

शस्त्रविषयक भूमिका

मॉस यांच्या हत्येनंतर आपल्यावरही हल्ला होईल हे ओळखून आयडा यांनी पिस्तूल विकत घेतले. टेनेसीतील १८७९ च्या कायद्याने सैन्यात वापरल्या जाणाऱ्या पिस्तुलांखेरीज अन्य पिस्तुलांच्या विक्रीस मनाई केली होती. सैनिकी बनावटीची पिस्तुले महाग असल्याने या कायद्याची झळ मुख्यतः गरिबांना बसत असे.

मे १८९२ मध्ये त्यांच्या एका अग्रलेखानंतर जमावाने फ्री स्पीचचे कार्यालय उद्ध्वस्त केले. आयडा तेव्हा शहराबाहेर असल्याने बचावल्या. त्या परतल्यास त्यांचे रक्षण करण्यासाठी मेम्फिसमधील कृष्णवर्णीय पुरुष सज्ज झाले होते. मात्र त्यातून आणखी रक्तपात होईल व आणखी कुटुंबे उघडी पडतील, हे जाणून त्यांनी परत न जाण्याचा निर्णय घेतला. त्या न्यूयॉर्क एज या वृत्तपत्रात काम करू लागल्या.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सदर्न हॉरर्स या पुस्तिकेत त्यांनी प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलला मानाचे स्थान असावे, असा सल्ला दिला. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल व केंटकीतील पड्युका येथे कृष्णवर्णीय पुरुष सशस्त्र जमल्याने त्या वर्षी नियोजित झुंडहत्या टळल्या, हा त्यांचा आधार होता. त्यांनी रायफलचे विशिष्ट प्रारूप सुचवले नव्हते. विंचेस्टर हे नाव तेव्हा अनेक काडतुसे एकदाच भरता येणाऱ्या रायफलींशी जोडले गेले होते. १८७३ च्या प्रारूपात लिव्हर खाली-वर केल्यावर पुढचे काडतूस नळीत येई. त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर काडतूस भरण्यासाठी थांबावे लागत नसे व एकटा माणूसही जमावाला काही काळ थोपवू शकत असे.

तथापि, त्यांच्या लेखनाचा मुख्य भर पुराव्यांवर होता. बळी पडलेल्यांवर बलात्काराचे आरोप असतात, या समजुतीची त्यांनी आकडेवारीनिशी चिकित्सा केली. आठ वर्षांत मारल्या गेलेल्या ७२८ कृष्णवर्णीयांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांवरच तसा आरोप होता, हे त्यांनी दाखवून दिले.

उत्तरायुष्य

१८९३ व १८९४ मध्ये त्यांनी ब्रिटनचा दौरा करून तेथील जनमत जागृत केले. १८९५ मध्ये त्यांचे द रेड रेकॉर्ड हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी शिकागोतील वकील व पत्रकार फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये झाली. १९०९ मध्ये इलिनॉयमधील कैरो येथील झुंडहत्येनंतर पदच्युत झालेल्या शेरीफला पुन्हा नेमू नये, अशी बाजू त्यांनी गव्हर्नरपुढे मांडली व ती मान्य झाली. त्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होत्या. १९१३ मध्ये त्यांनी शिकागोत कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी अल्फा सफ्रेज क्लब ही मताधिकार संघटना सुरू केली. १९३० मध्ये त्यांनी इलिनॉयच्या सिनेटची निवडणूक लढवली. तीत त्यांचा पराभव झाला.

मृत्यू व वारसा

२५ मार्च, १९३१ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने शिकागो येथे त्यांचे निधन झाले. कन्या आल्फ्रेडा डस्टर यांनी संपादित केलेले त्यांचे आत्मचरित्र १९७० मध्ये प्रकाशित झाले. २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान देण्यात आला. झुंडहत्येला संघीय गुन्हा ठरवणारा कायदा, ज्याची मागणी त्यांनी हयातभर केली, तो २०२२ मध्ये संमत झाला.