हजारातली 176 बाळं वर्षाच्या आत जायची : जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे यांची गोष्ट

जामखेड : सन 1971 च्या सुमारास जामखेड भागातल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांतली 176 बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. दर सहा पाळण्यांमागं जवळपास एक रिकामा व्हायचा. लोक त्याला नशीब म्हणायचे. ते नशीब नव्हे, हे गावोगावच्या बायांना पटवून देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. मेबल आरोळे.

मेबल यांचा जन्म 1935 चा, जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. तिथंच सोबत शिकलेले आपल्या जिल्ह्यातले डॉ. रजनीकांत आरोळे यांच्याशी 1960 मध्ये लग्न झालं. मग दोघं नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात आले. तिथं रात्रंदिवस पेशंट तपासले, पण बरं होऊन गेलेलं लेकरू महिन्या-दोन महिन्यांत त्याच हगवणीनं पुन्हा यायचं. दवाखान्यात औषध होतं, पण आजार गावात होता. पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघं परतले आणि 1970 साली जामखेडला बसले. तिथं मोठी नोकरी नाही की मोठं हॉस्पिटल नाही. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्यात.

लेकरं जात होती ती कशानं? धनुर्वात, हगवण, गोवर, न्यूमोनिया आणि उपासमार. बाळंतीण घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात. नाळ हाताला येईल त्या विळ्यानं नाहीतर जुन्या पात्यानं कापायची. पाचवी पुजून होते न होते तोच बाळ दूध ओढेना, जबडा आवळला, अंग ताठलं. सटवाईचा कोप म्हणून सगळे गप्प. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचे. वासराला चीक पाजायला न विसरणारा शेतकरी पोटच्या लेकराला मात्र तो देत नव्हता! हगवण लागली की पाणी बंद. खरं तर लेकरू पाणी आटूनच मरायचं.

यातल्या बहुतेक गोष्टींना डॉक्टर लागतच नव्हता. लागत होतं नवं ब्लेड, उकळलेला दोरा, गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन. हगवणीला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण हे घरात जाऊन सांगणार कोण?

आधी शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या. त्या बाहेरच्या, गावात रमल्या नाहीत आणि गावानंही त्यांचं ऐकलं नाही. तेव्हा गावानंच आपली एक बाई निवडून द्यायची असं ठरलं. आलेल्या बाया बहुतेक अंगठाबहाद्दर, कितीतरी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. मेबलबाईंचं मोठं काम इथं दिसतं. दर आठवड्याला या बाया जामखेडला मुक्कामी यायच्या. बाई त्यांच्यात बसून शिकवायच्या : पोट कसं तपासायचं, बाळाचं वजन कसं करायचं, सुकत चाललेल्या लेकराला दृष्ट नव्हे, भूक लागलीय हे कसं ओळखायचं. वरच्या आळीत ज्यांना उंबऱ्याबाहेर थांबवत, त्यांनाच पुढं बाळंतपणाला आत बोलावू लागले. हे सहज झालं नाही, वर्षं गेली.

त्यातच 1972 चा दुष्काळ. औषधाआधी पाणी आणि धान्य हवं होतं. बोअर घेतले, पाच वर्षांखालच्या पोरांसाठी गावात चुली पेटवल्या. शुद्ध पाणी आलं तशी हगवणही हटली.

1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. 1979 ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990 नंतर तर 176 चा आकडा पंचवीस-तीसच्याही खाली आला होता.

डॉ. मेबल आरोळे 1999 च्या सप्टेंबरात गेल्या, डॉ. रजनीकांत 2011 ला. मधल्या काळात, 2005 साली, सरकारनं देशभर गावागावात आशा नेमायला सुरुवात केली. गावातलीच बाई, गावातच काम. जामखेडच्या बाया ते तीस वर्षं आधीपासून करत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना तेव्हा स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती.