पन्नास सह्यांचे काका

मागच्या सेमिस्टरला मी मेस सेक्रेटरी झालो. कसा? मीटिंगला अकरा जण, कुणीतरी माझं नाव घेतलं, बाकीच्यांना जेवायची घाई. झालो! मग आमटीची तक्रार घेऊन रेक्टर सरांकडे गेलो, तर त्यांनी शांतपणे विचारलं की तू नेमका कुणाच्या वतीने आलायस. मी गप्प.

त्याच आठवड्यात लायब्ररीत गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका भेटले. (हो, तेच, शाळेतल्या रिकाम्या जागांमधले.) जन्म १८२८ चा, साताऱ्याचा, वकिली पुण्यात. पर्वती देवस्थानच्या कारभारावर लोक नाराज होते, त्यातून २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली आणि काका तिचा प्राण झाले.

मित्रांनो, मला भावला तो सभेचा नियम. सभासद व्हायचंय? निदान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणा. वकिली डोकं बघा! वकीलपत्राशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही, मग सरकारपुढे लोकांच्या वतीने कसं राहणार? सुरुवातीला ९५ सभासद आणि त्यांच्यामागे सहा हजार माणसं. तेही सामान्य माणसाला मत नव्हतं त्या काळात. अर्थात सह्या करणारे बरेचसे शिकलेले नि मिळकतवाले. ही सभा सगळ्यांची नाही, अशी टीका महात्मा फुल्यांनी केली, ती मला तरी खोटी वाटत नाही.

पण सभा नुसती अर्ज खरडत बसली नाही. १८७५ मध्ये तिने हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावं म्हणून थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८७७ च्या दिल्ली दरबारात, राजेमहाराजांच्या झगमगाटात, काका जाड्याभरड्या खादीत गेले! आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला कुणी धजेना, तेव्हा तेही काकांनीच घेतलं. पुढच्याच वर्षी ते गेले, वय अवघं बावन्न.

परवापासून मी कागद घेऊन रूम-रूम फिरतोय. सदतीस सह्या झाल्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या तिघांनी अडवून धरलंय, आमटीबरोबर भाताचा मुद्दाही घाल म्हणे, मगच सही.